वायूचा पदार्थ

त्र्यंबक सरांचा ‘पदार्थाच्या अवस्था’ हा पाठ टाकवे बुद्रुकच्या शाळेत वर्षातून एकदाच व्हायचा, आणि त्या दिवशी बाकीच्या वर्गांतली पोरंसुद्धा सहावीच्या खिडक्यांना लोंबकळायची. कारण सर तो पाठ शिकवत नसत, करून दाखवत. आधी फळ्यापुढे हात अंगाला चिकटवून ताठ उभे राहायचे, अगदी पापणी हलवायचे नाहीत. हे घन. मग अंग सैल सोडून बाकांच्या मधल्या बोळांतून झुलत, वळत, वाट मिळेल तिकडे जायचे. हे द्रव. आणि मग एकदम “वायू!” अशी आरोळी ठोकून वर्गभर धावत सुटायचे. या भिंतीला धडक, त्या कपाटाला धडक, शेवटी दारातून बाहेर पडून पटांगणाला एक आख्खी फेरी मारून घामाघूम होऊन परत यायचे. पोरं हसून हसून बाकांखाली जायची, पण परीक्षेत त्या प्रश्नाचे गुण कुणाचे जात नसत.

गेली तीसेक वर्षं हे चाललं होतं. त्यामुळे सर मावळात कुठेही गेले तरी कुणी ना कुणी जुना विद्यार्थी भेटायचाच. कान्हे फाट्यावर गुलजारचं पंक्चरचं दुकान होतं. सरांची स्कूटर दिसली की तो हातातला पाना खाली टाकून ओरडायचा, “सर, वायू!” आणि दुकानाभोवती दोन ढांगा धावून दाखवायचा. सर वरवर म्हणायचे, “अरे, पोरं मोठी झाली तुझी, आता तरी शहाणा हो.” पण त्यानंतर घरी पोचेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जायचं नाही. लोक मागे आपल्याला वायूसर म्हणतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नसतं म्हटलं, तर वाईट वाटलं असतं.

या वर्षीच्या मे महिन्यात सर निवृत्त होणार होते. म्हणजे पाठाची ही शेवटची खेप.

आणि नेमकं याच जानेवारीत मुख्याध्यापिका शैला मॅडमनी त्यांना कार्यालयात बोलावून घेतलं. मॅडम तळेगावहून येणाऱ्या, वयाने सरांपेक्षा बऱ्याच लहान, पण कामाला वाघीण.

“सर, शनिवारी शिक्षण परिषद आपल्याकडे आहे. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक येतील, केंद्रप्रमुख बाजीराव साहेबही येतील. नमुना पाठ तुम्हीच घ्या.”

“अवस्थांचा?” सरांची छाती आपोआप पुढे आली.

“अवस्थांचाच. पण गटात.”

छाती होती तिथे परत गेली.

“वर्गाचे तीन गट करायचे,” मॅडम समजावून सांगू लागल्या. “एकाला घन, एकाला द्रव, एकाला वायू. प्रत्येक गटाने आपापली अवस्था आधी आपसांत समजून घ्यायची आणि मग बाकीच्या दोन गटांना शिकवायची. मुलं मुलांकडून शिकतात तेव्हा ते पक्कं बसतं. तुम्ही फक्त बघायचं.”

“बघायचं म्हणजे?”

“म्हणजे बोलायचं नाही. फारच अडलं तर एखादा प्रश्न विचारा. उत्तर द्यायचं नाही.”

“मॅडम, कोंबड्याला सांगताय पहाटे गप्प बस म्हणून.”

मॅडम हसल्या, पण मागे हटल्या नाहीत. तेव्हा सरांनी मनातलं सरळ सांगून टाकलं. हा पाठ आपल्या हातून शेवटचा आहे. गटाचं ते सगळं शनिवारी फसलं, तर काय?

मॅडम म्हणाल्या, “फसलं तर सोमवारी तुमचा पाठ. तुमच्या पद्धतीने, आरोळीसकट. सगळी शाळा पटांगणात बसवते. पण जमलं, तर मुलांचं शिकून झालं. मग सोमवारी पुढचा धडा. आधीच अभ्यासक्रम मागे पडलाय.”

“ठरलं,” सर म्हणाले.

आता सर काही वाईट माणूस नव्हते. कुणाचं वाटोळं व्हावं असं त्यांच्या मनात कधी आलं नसेल. पण त्या दिवशी स्कूटरवरून घरी जाताना ते मनातल्या मनात सोमवारचे मांडे खाऊ लागले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. सगळी शाळा पटांगणात! त्यांनी धावण्याची वाटसुद्धा ठरवली. ध्वजस्तंभाला वळसा, पाण्याच्या टाकीमागून, आणि मग मधोमध.

शुक्रवारी त्यांनी सहावीचे तीन गट पाडले. वायूच्या गटात इंद्रायणी पडली, तेव्हा सर स्वतःशीच हसले. मावळात इंद्रायणी नदी आहे ती द्रव, इंद्रायणी तांदूळ आहे तो घन, आणि ही तिसरी इंद्रायणी एका जागी पाच मिनिटं बसली तर घरचे ताप आलाय का बघतात. तिच्यासोबत गुलजारचा मुलगा अयान, फारसं न बोलणारी समरीन आणि भातशेतीवाल्या घरातला नथू.

मग सरांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली : ‘प्रत्येक गटाने उद्या आपापल्या अवस्थेचा पदार्थ घरून आणावा.’ खडू खाली ठेवला, हात झटकले.

“सर, कसला पदार्थ?” इंद्रायणी उभीच होती.

सरांनी फळ्याकडे बोट दाखवलं. बोलू नका म्हणाल्या ना मॅडम? मग नाही बोलत. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि घंटा होताच निघून गेले.

इथेच सगळा घोळ झाला. विज्ञानाच्या पुस्तकात दगडही पदार्थ असतो, पाणीही आणि हवाही. पण मावळातल्या कुठल्याही घरी जाऊन विचारा, पदार्थ म्हणजे ताटात पडतो तो. सणाला चार पदार्थ करतात, पाहुणा आला की एखादा पदार्थ वाढवतात. पोरांनी पुस्तक अजून उघडलं नव्हतं आणि समजावून सांगणाऱ्या सरांनी तर तोंडाला कुलूप लावलेलं. तेव्हा तिन्ही गटांनी आपापसांत चर्चा करून एकमताने ठरवलं, की उद्या शाळेत साहेब येणार आहेत आणि त्यांच्यापुढे खायचं मांडायचं आहे.

घनवाल्यांना काही अडचण नव्हती. घन म्हणजे घट्ट. द्रववाल्यांनाही नव्हती. द्रव म्हणजे पातळ. वायूवाले मात्र अडले. चौघं मिळून शाळेच्या स्वयंपाकखोलीत गेले. तिथे रोजची खिचडी शिजवणाऱ्या आक्काबाई पातेलं घासत बसल्या होत्या. खाण्याच्या बाबतीत गावात त्यांच्या शब्दापुढे शब्द नव्हता.

“आक्काबाई, वायूचा पदार्थ कोनता वो?” इंद्रायणीने विचारलं.

“कशाला गं पायजे?”

“उद्या सायब येनार हायेत. त्यांच्यापुढं मांडायचाय. सरांनी सांगितलंय.”

“सायबाला वायूचा पदार्थ?” आक्काबाईंच्या हातातली घासणी थांबली. मग त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं. “अगं मग पावटं! पावट्यावानी वायू दुसऱ्या कशानं व्हतोय? हरबऱ्याचा बी व्हतो, पर त्याला पावट्याची सर न्हाई. लसूण घाला दाबून. आन् आईला म्हनावं हिंग तेवढं घालू नको, हिंगानं समदा वायू मरतो.”

“माझी आई करंल,” नथू म्हणाला. “आमच्या बांधाला लय पावटं लागल्यात.”

शनिवारी सकाळी थंडी अशी होती, की वर्गाच्या खिडक्या कुणी उघडल्या नव्हत्या. बाकं सरकवून तीन गोल केले होते. मागच्या भिंतीला टेकून केंद्रातले शिक्षक ओळीने बसले होते आणि त्यांच्या मधोमध बाजीराव साहेब. शैला मॅडम दाराशी. त्र्यंबक सर फळ्याजवळच्या खुर्चीत, हाताची घडी घालून, तोंड मिटून.

मग डबे उघडू लागले, आणि सरांचे डोळे मोठे झाले. भाकरी! लोणावळ्याची चिक्की! ताक! कढी! आपल्या ओळीचं पोरांनी काय केलंय हे त्यांच्या लख्ख ध्यानात आलं. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी कपाळाला हात लावला होता. सरांनी मिशीतलं हसू मिशीतच ठेवलं.

पण पोरं काही कमी नव्हती. घनवाल्यांनी पुस्तक उघडलं, डोकी एकत्र केली, आणि थोड्या वेळाने त्यांचा धवल चिक्कीची वडी हातात धरून उभा राहिला. ती त्याने वाटीत ठेवली, ताटात ठेवली, खिशात घालून बाहेर काढली. “कुठंबी ठेवा, हिचा आकार हिच्याजवळच ऱ्हातो,” असं म्हणाला. द्रवाची अनुष्का ताक घेऊन आली. पेल्यात ओतलं, वाटीत ओतलं, ताटात ओतलं. “ताक तेवढंच हाय, पर जिथं जाईल तसं दिसतंय.” मागच्या शिक्षकांनी माना डोलावल्या. बाजीराव साहेब “वा!” म्हणाले. चुकीच्या वाटेने निघून पोरं बरोबर गावाला पोचत होती, आणि खुर्चीत बसलेल्या सरांना सोमवार जरा लांब लांब जाताना दिसू लागला.

राहिला वायू. नथूने फडक्यात गुंडाळलेला पितळी डबा बाकावर ठेवला. डबा अजून गरम होता. त्याने झाकण जेमतेम तिरकं केलं असेल नसेल, तोच मागच्या भिंतीकडून बाजीराव साहेबांचा आवाज आला, “अरे, पावट्याची उसळ कुणी आणलीय?”

वर्ग हसला.

“उसळ कुटं वायू असती?” घनवाले ओरडले. “पावटा आमचा हाय!”

“आन् रस्सा आमचा!” द्रववाले.

“पर ह्यानं वायू व्हतो!” इंद्रायणी तावातावाने म्हणाली. “आक्काबाईंनी सांगितलंय. हिंगबी घातलेला न्हाई!”

मग काय विचारता. एका गुरुजींनी रुमालात तोंड खुपसलं. साहेबांचं पोट गदगदा हलत होतं. पोरं बाकांवर हात आपटत होती. आपण काय बोललो हे वायूवाल्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, आणि आलं तेव्हा नथूचे कान तांबडेलाल झाले. त्याच्या आईने अंधारात उठून ते पावटे सोलले होते. समरीनने हळूच झाकण लावून टाकलं. अयान खिडकीबाहेर बघू लागला. आणि इंद्रायणी, जी कधी एका जागी बसत नसे, ती मान खाली घालून दगडासारखी बसून राहिली.

सुंठीवाचून खोकला गेला होता. सरांना काहीसुद्धा करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलंही होतं. आणखी थोडा वेळ, की पाठ फसला म्हणायचं आणि सोमवार आपला. ध्वजस्तंभाला वळसा, टाकीमागून, मधोमध.

तेवढ्यात इंद्रायणीने मान वर केली. “सर, आमचं चुकलं का?”

सरांना तिच्याकडे बघवेना म्हणून त्यांनी नथूकडे पाहिलं, तर तिकडे ते तांबडे कान. फळ्यावरची ती ओळ कुणाची? पोरगी उभी राहून विचारत होती तेव्हा तोंडावर बोट कुणी ठेवलं? सोमवारसाठी ह्या पोरांना असं खाली मान घालून घरी पाठवायचं? मग कसला मास्तर तू, त्र्यंबका?

ते उठले. उत्तर द्यायचं नाही, हे त्यांनी स्वतःला बजावलं.

“नथू, झाकण किती उघडलं होतंस?”

“एवढंसंच, सर.”

“आणि साहेब कुठे बसलेत?”

“मागं. भिंतीला.”

“मग डब्यात पावटे आहेत, हे साहेबांना सांगायला कोण गेलं होतं?”

एवढं बोलून सर खाली बसले आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

वायूच्या गटातली चार डोकी हळूहळू जवळ आली.

“कुनीच न्हाई गेलं,” नथू म्हणाला. “वास गेला.”

“वास म्हंजे काय पर? कायतरी डब्यातनं निगालं आसंल तवाच तिथवर पोचलं ना?” ही इंद्रायणी.

“आन् दिसलं न्हाई,” अयान म्हणाला. त्याचे डोळे एकदम चमकले. “आमच्या दुकानात हवा बी दिसत न्हाई. पर ट्यूबमदी भरली का ट्यूब समद्या बाजूनं फुगती. एका कोपऱ्यात जाऊन बसत न्हाई ती.”

“मग वास बी समदीकडं गेला आसंल. निस्ता सायबांकडं न्हाई,” नथू म्हणाला.

“बघू या,” समरीन म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता, की तिघांना वाकावं लागलं. “पर आदी खिडक्या उघडू. हा वास जाऊ दे. मग नवा सोडू.”

सर खुर्चीच्या कडेवर आले होते. हे त्यांना कधी सुचलं नव्हतं.

खिडक्या उघडल्या. थंडी आत आली, पाहुणे कुडकुडले. पुन्हा खिडक्या लावल्या. मग इंद्रायणीने फळ्यापुढे उभं राहून हुकूम सोडला, “समद्यांनी डोळं मिटायचं. ज्याला वास यील त्यानं हात वर करायचा. सायब, तुमीपन!”

नथूने झाकण काढलं.

आधी जवळच्या गोलातले दोन हात वर गेले. मग त्यांच्या मागचे. मग खिडकीकडचे, मग दाराकडचे. भातखाचरावरून वारा जावा, तसे ते हात वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उठत गेले, आणि सगळ्यांत शेवटी मागच्या भिंतीशी, डोळे गच्च मिटलेल्या बाजीराव साहेबांचा हात वर गेला. डोळे उघडल्यावर सगळ्यांनी एकमेकांचे हात पाहिले. या वेळी हसू आलं ते वेगळं होतं.

“घनाला आपला आकार आसतो,” इंद्रायणी म्हणाली. आता ती पुन्हा एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होती. “द्रव भांड्याचा आकार घेतो. आमचा वायू कशालाच धरून बसत न्हाई. जेवडी जागा द्याल तेवडी भरतो.”

“पर का?” धवलने विचारलं. “आमची चिक्की का न्हाई पसरत?”

वायूवाल्यांनी पुस्तकात डोकं घातलं. कण, कणांमधलं अंतर, असं काहीबाही वाचून झालं. मग अयान म्हणाला, “थांबा. आमच्या अब्बूंनी दाकवलंय मला. समदे कण व्हा.”

त्याने घनवाल्यांना एकमेकांच्या खांद्यांत हात अडकवून घट्ट उभं केलं, जागच्या जागी थरथरायचं एवढंच. द्रववाल्यांनी हात सोडले, पण एकमेकांना खेटून बाकांमधून सरकायला लागले. हे झुलणं, हे वळणं त्र्यंबक सरांच्या ओळखीचं होतं. कान्हे फाट्यावर, पंक्चर काढता काढता, गुलजारने ते आपल्या पोराला जसंच्या तसं दिलं होतं.

वायूचे चौघं वर्गभर धावू लागले. या भिंतीला धडक, त्या कपाटाला धडक. पण वर्ग मोठा आणि कण चारच. एक कोपरा काही केल्या भरेना. नेमका फळ्याजवळचा, खुर्चीचा.

इंद्रायणी धापा टाकत खुर्चीपुढे येऊन थांबली. “सर, चला. एक कन कमी पडतोय.”

“मला बोलायचं नाहीये,” सर पुटपुटले.

“कनाला कुटं बोलायचं आसतं, सर?”

सरांनी मॅडमकडे पाहिलं. शैला मॅडमनी मागे हात नेऊन दाराची कडी काढली आणि दार सताड उघडलं.

सर उठले. मिनिटभर पाचवा कण होऊन वर्गात धावले, अयानवर आपटले, कपाटावर आपटले, आणि मग सवयीने दारातून बाहेर पडले. ध्वजस्तंभाला वळसा, टाकीमागून. गुडघा कुरकुरत होता, धोतर नव्हतं म्हणून बरं, पँट सावरत ते पटांगणाच्या मधोमध आले. आता आरोळी. त्यांनी तोंड उघडलं, आणि बोलायचं नाही हे आठवून तसंच मिटलं.

आरोळी मागून आली. घन, द्रव, वायू, सगळे गट मोडून आख्खी सहावी त्यांच्या मागे धावत होती आणि एका आवाजात ओरडत होती, “वायू!” बाकीच्या वर्गांच्या खिडक्या धडाधड उघडल्या. इतकी वर्षं ती आरोळी सरांनी दिली होती, पण ती ऐकायला कशी वाटते हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. ते जागच्या जागी थांबले आणि पोरं त्यांना सगळ्या बाजूंनी येऊन आपटली. सर हसत होते, आणि डोळे पुसत होते, आणि दोन्हींची त्यांना लाज वाटत नव्हती.

मग व्हायचं तेच झालं. घनाची भाकरी, द्रवाचं ताक आणि वायूची उसळ एका पंगतीला बसली. बाजीराव साहेबांनी नथूच्या आईची उसळ दोनदा मागून घेतली आणि नथूचे कान पुन्हा तांबडे झाले, पण या वेळी आनंदाने. आक्काबाई दारात उभ्या राहून साहेबांच्या ताटाकडे काळजीने बघत होत्या. हिंग नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

हात धुताना मॅडम सरांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “सर, मग सोमवारचं काय?”

“ठरलंय ना आपलं? सोमवारी पुढचा धडा,” सर म्हणाले. “गटातच घेऊ. फक्त मला कोणत्या गटात घेतायत, ते पोरांना विचारा.”

“आमच्यात!” डबा फडक्यात बांधता बांधता नथू ओरडला. “पर सर, आता पदार्थ तुमी आनायचा!”